शिशाच्या गोळ्या

पेटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'निरीक्षणाची उपकरणे. उघडू नये.' ती वर्षभर आमच्या कंपनीच्या शस्त्रागारात पडून होती आणि वर्षभर आम्ही तिच्यावर बसून बटाटे सोलले. शिपाई शिमेक म्हणायचा, आत दुर्बिणी असणार. सार्जंट रुसेक म्हणायचा, कर्नलसाहेबांची दारू. आमच्या पोलिश सैन्याला गुपितं राखायची हौस फार. शत्रूला काही कळू नये हे ठीक, पण ज्यानं ती वस्तू हातात धरून मरायचं त्यालाही कळू नये, ही कुठली अक्कल?

सप्टेंबरात जर्मन सरहद्द ओलांडून आले तेव्हा पेटी उघडायचा हुकूम आला, आणि हुकुमाबरोबर लेफ्टनंट द्रेशर आला.

पेटीतून निघाली एक बंदूक. शिमेकपेक्षा उंच आणि नळी इतकी बारीक की भिंतीला टेकवून ठेवली तर एखाद्या बाईनं तिच्यावर ओली चादर वाळत घातली असती. ही म्हणे रणगाडे फोडणार. काडतुसं माझ्या तळहातापेक्षा लांब, पण त्यांच्या टोकाची गोळी बघावी तर आपल्या साध्या रायफलीच्या गोळीएवढीच. नाव मोठं आणि लक्षण खोटं, असं मी म्हणालोसुद्धा.

"तुमचं नाव?" द्रेशरनं मला विचारलं.

"कॉर्पोरल फ्लोरियान व्यर्वा, साहेब."

"धंदा?"

"जोडे शिवतो."

"म्हणजे हात थरथरत नसणार. तुम्ही माझे मदतनीस."

आमच्याकडे अधिकारी शिपायाला 'तू' म्हणतात, शिव्या घालतात आणि मग आपल्यातली सिगारेट देतात. हा माणूस सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचा, आणि त्याचं 'तुम्ही' चिमट्यानं उचलून बाजूला ठेवल्यासारखं लागायचं. वूच शहरातला इंजिनिअर. आडनाव जर्मन, देवळात जायचा तेही लुथरच्या, आमच्या कॅथलिक नव्हे. गळ्यात क्रूस होता, पण नुसता, वर येशू नसलेला. "उतरवून ठेवला असेल," रुसेक म्हणाला, "बर्लिनला धुवायला पाठवलाय." सगळे हसले, मीही हसलो. द्रेशरनं ऐकलं आणि चष्मा पुसला.

त्यानं आम्हाला शिकवलं ते मात्र नीट शिकवलं. कसं पडायचं, खांद्याला दस्ता किती घट्ट लावायचा, तोंड उघडं ठेवायचं नाहीतर कानाचे पडदे जातील. रणगाड्याच्या कुठल्या बाजूला चालक बसतो आणि कुठे नेम धरायचा. पण गोळी झाडून दाखवायची नाही, असा हुकूम होता. त्या उन्हाळ्यात काही निवडक अधिकाऱ्यांना कुठल्याशा जंगलात नेऊन ही बंदूक शिकवली होती आणि हात वर करून त्यांच्याकडून शपथ घेतली होती. बंदूक चालवायला शिकवा, गोळीबद्दल चकार शब्द काढू नका. द्रेशरनं शपथ घेतली होती आणि तो ती पाळणाऱ्यांतला होता. शपथ घेतलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेक जण ती पहिल्या पेल्याबरोबर गिळतात. हा त्यातला नव्हता, तेच त्याला नडलं.

आम्ही मागे मागे हटत होतो. दिवसा विमानं, रस्त्यावर गाई, गाद्या आणि माणसं. जो तो म्हणत होता, हेर आहेत. हेरांनी आरशानं खुणा केल्या म्हणून पूल उडाला, हेरांनी विहिरीत काही टाकलं म्हणून घोडे मेले. हरणाऱ्या सैन्याला हेर लागतोच. नाहीतर मग सगळा दोष आपल्या पायांवर येतो.

मग एका गिरणीच्या गावात दुसऱ्या रेजिमेंटचा एक वाट चुकलेला शिपाई आमच्या कढईपाशी आला. डोक्याला पट्टी, तोंडाला काजळी. त्याला राय धान्याचं आंबट सूप वाढलं. त्याची नजर आमच्या लांब बंदुकीवर गेली आणि चमचा थांबला.

"ही तुमच्याकडेपण आहे होय," तो म्हणाला. "फेकून द्या."

"का रे?" रुसेकनं विचारलं.

"आमच्याकडेही होती. मारली. लागली, मी ठिणगी बघितली ना! रणगाडा आला तसाच आला. गेला खंदकावरून. बंदुकीवर आल्बिन होता, लाल मिशांचा. तो पळाला नाही. मारतच राहिला बिचारा."

आल्बिन रुसेकच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्नात रुसेकनंच त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, मला माहीत आहे, कारण दुसऱ्या खांद्याखाली मी होतो.

त्यानं आपली वाटी शिपायाला दिली आणि उठून गेला. थोड्या वेळानं आला तो शिमेकला घेऊन, आणि शिमेकच्या हातात एक काडतूस आणि कानस होती.

"घास," रुसेक म्हणाला.

शिमेकनं गोळीचं टोक कानशीनं घासलं. वरचं पातळ कवच गेलं आणि आत राखाडी, मऊ काहीतरी दिसलं. रुसेकनं त्यावर नख ओढलं. नखाचा ओरखडा उठला.

"शिसं," शिमेक म्हणाला.

"शिसं," रुसेक म्हणाला. "रानडुकराला मारायची गोळी. पोलाद फोडायला शिसं! अरे, दगड द्यायचे होते हातात, निदान आशा तरी लागली नसती."

सगळी कंपनी गोळा झाली. काडतूस हातोहात फिरलं आणि प्रत्येकानं आपलं नख लावून पाहिलं. द्रेशर विहिरीवर दाढी करत होता. रुसेकनं ती गोळी त्याच्या नाकासमोर धरली.

"साहेब, हे काय आहे?"

"तुम्ही सरकारी काडतूस खराब केलंत."

"आत शिसं आहे."

"असेल."

"शिशानं रणगाडा फुटतो?"

द्रेशरनं वस्तरा पुसला. "त्याबद्दल बोलायची मला परवानगी नाही," तो म्हणाला.

देवाशप्पथ सांगतो, त्या क्षणी मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खोटं तरी बोल की गाढवा! म्हण की आत पोलादाचा दाणा आहे, म्हण की जादू आहे. पण नाही. गोळी कशी चालते हे सांगायचं नाही म्हणजे नाही, मग समोर शंभर माणसं का पेटून उभी असेनात.

रुसेकनं त्याचं पिस्तूल काढून घेतलं आणि त्याला कॅप्टन झाविल्स्कींपुढे उभं केलं.

कॅप्टन शाळेच्या वर्गात बसले होते. कित्येक दिवस झोप नसलेला, लांब चेहऱ्याचा चांगला माणूस. त्यांनी गोळी पाहिली, रुसेकचं ऐकलं, वाट चुकलेल्या शिपायाचं ऐकलं. मग म्हणाले, "लेफ्टनंट, मी तुमचा वरिष्ठ आहे. बोला."

"साहेब, शपथ..."

"शपथ देणारे वॉर्सा सोडून पळाले. बोला, नाहीतर मी ह्यांना थांबवू शकणार नाही."

तेव्हा कुठे त्यानं तोंड उघडलं. गोळी आत शिरतच नाही, तो म्हणाला. ती इतक्या वेगानं आदळते की कवचावर चपटी होते आणि त्या तडाख्यानं कवचाचाच एक गोल तुकडा आतल्या बाजूनं सुटतो. तो तुकडा आतल्या माणसांना मारतो. म्हणून शिसं. मऊ असणं हाच तिचा गुण.

मला ते ऐकून आमच्या आजीच्या गोष्टींतला सैतान आठवला, तोही असंच उलटं काहीतरी पटवून द्यायचा. खरं सांगायचं तर मला निम्मं पटलं आणि निम्मं नाही.

"म्हणजे जर्मनांना जर्मनांचंच लोखंड मारतं," रुसेक म्हणाला. "झकास. हे सकाळी का नाही सांगितलंत?"

"सकाळी विचारायचा तुम्हाला अधिकार नव्हता."

"आणि आत्ता?"

"आत्ता तुमच्या हातात माझं पिस्तूल आहे."

जीभ आवरली असती तर माणूस वाचला असता. पण काही माणसांना मरताना सुद्धा बरोबर असायचं असतं.

"मारून बघू," कॅप्टन म्हणाले. "एक गोळी. हाताच्या काकणाला आरसा कशाला?"

आता पोलाद शोधायचं कुठून? गाव रिकामं. रुसेक लोहाराच्या पडवीतून ऐरण ओढून घेऊन आला. द्रेशरनं ती पाहिली आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"ही ऐरण आहे! रणगाड्याचं कवच बोटाएवढं जाड असतं, हे वीतभर आहे. ह्यातून तोफसुद्धा जाणार नाही!"

"लोखंड ते लोखंड," रुसेक म्हणाला.

"लोहाराला मी काय भौतिकशास्त्र शिकवू?"

"मी लोहार नाही साहेब, मी सुतार. मारा."

"मी ह्याच्यावर मारणार नाही."

मग रुसेकनंच मारली. आवाज असा झाला की गिरणीची कबुतरं उठली आणि धुळीचा पडदा उभा राहिला. धूळ बसली तेव्हा आम्ही धावलो. ऐरणीवर एक राखाडी डाग उमटला होता, लापशी सांडल्यासारखा. एवढंच. शिमेकनं ते शिसं नखानं खरवडून काढलं आणि खाली ऐरण जशीच्या तशी गुळगुळीत निघाली.

कुणीतरी हसलं. ते हसू फार वाईट होतं.

"भिंतीपाशी न्या ह्याला," गर्दीतून आवाज आला. कॅप्टन टोपी काढून केस मागे सारत होते. द्रेशर ऐरणीकडे बघत उभा होता. कुणी त्याच्या पायांत बेड्या घातल्या नव्हत्या, पण तो पळाला नाही. त्याच्या जागी मी असतो तर कधीच गिरणीच्या पाण्यात उडी मारली असती.

तेवढ्यात टेकडीवरचा टेहळ्या ओरडला. रस्त्यावर धूळ आहे. रणगाडे.

कॅप्टननी टोपी डोक्यावर घातली. निर्णय घ्यायचा असला की माणसाचा चेहरा कसा लहान होतो, ते मी तेव्हा पाहिलं.

"लेफ्टनंट, बंदुकीवर तुम्ही. व्यर्वा मदतीला. रुसेक, तू ह्यांच्या मागे. रणगाडा थांबला तर मी ह्यांची सगळ्यांसमोर माफी मागीन. नाही थांबला तर तुला सांगायला नको."

"नको साहेब," रुसेक म्हणाला.

गावाबाहेर रस्ता माता मेरीच्या छोट्या देवळीपाशी वळत होता. वळणाच्या अलीकडे बटाट्याचं शेत आणि शेताच्या कडेला वाळुंजाची झाडं. त्या झाडांखालच्या बांधाआड आम्ही पडलो. द्रेशर मध्ये, मी डावीकडे काडतुसं घेऊन. रुसेक त्याच्या मागे गुडघ्यावर, द्रेशरचंच पिस्तूल द्रेशरच्या मानेवर धरून.

"सार्जंट," द्रेशर मागे न बघता म्हणाला, "धक्का बसतो. माझी मान मागे येईल. बोट घोड्यावरून काढून ठेवा."

"माझ्या बोटाची काळजी करू नका."

"व्यर्वा, तोंड उघडं ठेवा."

"हो साहेब."

पहिला रणगाडा धुळीतून बाहेर आला. छोटा, दोन माणसांचा, वर मशीनगनच्या दोन नळ्या. बाकीचे बरेच मागे होते. तो रस्त्यानं सरळ येत होता, मधूनच गिरणीच्या खिडक्यांवर गोळ्या झाडत. द्रेशरनं त्याला येऊ दिलं. अगदी जवळ येऊ दिलं. मला द्रेशरच्या कपाळावरचा घाम दिसत होता, पण हात हलत नव्हते. मनात म्हटलं, हेर असता तर ह्यानं केव्हाच लांबून मारून चुकवली असती. रुसेकला हे सांगावं म्हणून मी मान वळवली, आणि बंदूक उडाली.

धूळ. कानात शिट्टी. रणगाड्याच्या पुढच्या अंगावर एक बारीकशी ठिणगी दिसली, गारगोटी घासल्यासारखी. रणगाडा येतच राहिला.

द्रेशरनं बोल्ट ओढला, पुन्हा नेम धरला, थोडा वर. दुसरी गोळी. पुन्हा ठिणगी, पुन्हा काहीच नाही. धूर नाही, ज्वाळा नाही. पट्टे तसेच फिरत होते, इंजिन तसंच गुरगुरत होतं, आणि तो लोखंडी डबा आमच्याकडे येत होता.

द्रेशरनं मान वर उचलली. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तो गोंधळला होता. जंगलात त्यांनी नुसत्या पत्र्यांवर गोळ्या मारल्या होत्या. आत माणसं असलेल्या, चालत्या रणगाड्यावर त्यानं आयुष्यात कधी मारली नव्हती.

"लागल्या," तो म्हणाला. "दोन्ही लागल्या. मग का..."

रुसेकनं घोडा ओढला.

आवाज अगदीच लहान वाटला. द्रेशर बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकवून पडला, झोप लागल्यासारखा. चष्मा माझ्या हातावर पडला.

"आल्बिनसाठी," रुसेक म्हणाला. तो रडत होता.

मी रणगाड्याकडे बघत होतो. आणि मग मला दिसलं की तो गोळ्या झाडत नाहीये. देवळी आली. रस्ता वळला. रणगाडा वळला नाही. तो सरळ बटाट्याच्या शेतात उतरला, वाफे चिरडत आमच्या बाजूनं गेला, एका वाळुंजाच्या झाडाला जाऊन टेकला आणि तिथंच पट्टे फिरवत राहिला. झाड थरथरत होतं, माती मागे उडत होती. त्याला मागे घेणारं आत कुणी नव्हतं.

रुसेक उठला. वाकला नाही, लपला नाही, सरळ चालत गेला. मी त्याच्या मागे. त्यानं वर चढून झाकण उघडलं, आत हात घातला, कुठलीशी दांडी ओढली आणि इंजिन बंद पडलं. एकदम शांतता झाली.

चालक पुढे ओणवा होता. त्याचा पाय अजून होता तिथंच दाबलेला होता. वरचा माणूस आपल्या बैठकीवर कलंडला होता. कवचात दोन भोकं होती, माझा अंगठा जाईल एवढी, कडा आत वळलेल्या. बाहेर भोकांभोवती शिशाचा राखाडी लेप होता. आत, चालकाच्या मांडीवर रक्तात, एक गोल पोलादी चकती पडली होती.

रुसेकनं ती उचलली. गरम असावी, पण त्यानं मूठ मिटली.

"फ्लोरेक," तो मला म्हणाला, "आल्बिननं मारलेला रणगाडाही थांबला असेल काय रे? मागे जाऊन? कुणी बघितलंच नसेल."

मी झाकण लोटून लावलं.

आम्ही परत आलो तेव्हा कॅप्टन बांधापाशी उभे होते. त्यांनी द्रेशरकडे पाहिलं, शेतातल्या रणगाड्याकडे पाहिलं. रुसेकनं पिस्तूल त्यांच्यापुढे धरलं.

"साहेब, मला भिंतीपाशी न्या."

"तिकडे बघ," कॅप्टन म्हणाले. बाकीचे रणगाडे वळणाकडे येत होते. "ती बंदूक चालते हे माहीत असलेला, ती झाडलेला तू एकटा उरलास. भिंतीला वेळ नाही. पड खाली."

रुसेक पडला. द्रेशरला त्यानं हलवलं नाही, नुसती त्याच्या गालाखालची बंदूक हळूच सोडवून घेतली, त्याच्या शेजारी पोटावर झोपला आणि माझ्याकडे हात केला. मी काडतूस दिलं. त्या दिवशी आम्ही तिथे संध्याकाळपर्यंत टिकलो. द्रेशरला आम्ही देवळीमागे पुरलं. वूचच्या माणसाला तिकडे कोण ओळखणार म्हणून कॅप्टननी फळीवर नाव, हुद्दा आणि 'शत्रूशी लढताना' असं लिहिलं. रुसेकनं ते शेवटचे शब्द चाकूनं खरवडून काढले. कॅप्टननी पाहिलं आणि फळी तशीच रोवली.

मग युद्ध आमच्यापुरतं संपेपर्यंत रुसेक एकच काम करत राहिला. मोडलेल्या रेजिमेंटांची माणसं येऊन मिळायची, कुणाकुणाजवळ ती लांब बंदूक असायची आणि सगळ्यांना एकच खात्री असायची, की ती निकामी आहे. रुसेक त्यांना खाली बसवायचा, गोळी कशी चपटी होते ते चिखलाचा गोळा तव्यावर आपटून दाखवायचा. आणि मग तेच ते सांगायचा, चिडून, हात जोडून, कधी कॉलर धरून.

"मारल्यावर थांबा. तो लगेच थांबत नाही. मेलेल्याचा पाय दाबलेलाच राहतो, यंत्राला काय कळतं? धूर दिसणार नाही, आग दिसणार नाही. तुम्हाला वाटेल, गोळी फसली. नाही फसली. थांबा. बघा तो वळतोय का. घाई करू नका रे, पाया पडतो तुमच्या, घाई करू नका."

एकदा ल्विव्हच्या वाटेवर काही नवी माणसं होती. त्यांतल्या एकानं मजेत विचारलं, "सार्जंट, एवढं सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"लेफ्टनंट द्रेशरनं."

"मग त्यांनाच बोलवा की! कुठे असतात ते?"

"मी मारलं त्यांना," रुसेक म्हणाला.

पोरं हसली. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मग त्यांनी बंदुका उचलल्या आणि आम्ही पुढच्या गावाकडे चालू लागलो.